चकचकीत म्हणजे ओरिजिनल नव्हे

जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती वाचणं हा माझा शनिवारचा रिकामा उद्योग आहे. त्यात एक वाक्य इतक्या वेळा येतं की आता पाठ झालंय: "विंटेज फियाट, हंड्रेड परसेंट ओरिजिनल, फुल्ली रिस्टोअर्ड, शोरूम कंडिशन." आता बघा, एका वाक्यात चार दावे आणि त्यातला दुसरा नि तिसरा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. गाडी पूर्ण ओरिजिनल असेल तर पूर्ण रिस्टोअर काय केलं? आणि पूर्ण रिस्टोअर केली असेल तर ओरिजिनल काय उरलं? पण हा प्रश्न कोणी विचारत नाही. फोटोत बॉनेटवर आकाश दिसतंय ना, मग झालं. टोकन देऊन मोकळे.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुनी गाडी घेताना आपण चुकीच्या गोष्टीचे पैसे मोजतो. रंग, क्रोम, सीट कव्हरं या गोष्टी कधीही, कुठल्याही गॅरेजात, पैसे टाकून मिळतात. पन्नास वर्षं कोणी हात न लावलेला पत्रा, कारखान्यात ठोकलेले नंबर आणि सलग कागदपत्रं कितीही पैसे टाकले तरी नव्याने मिळत नाहीत. आणि बाजारात भाव कशाला? पहिल्याला. त्यामुळे होतंय काय, की विकायच्या आधी चांगल्या, प्रामाणिक गाड्या घासून-पुसून नव्या केल्या जातायत. त्यात जे जातं ते कायमचं जातं.

मी फियाटचंच उदाहरण घेतो, कारण आपल्या वयाच्या लोकांना घ्यायची असते ती हीच. रोल्स-रॉईस आपल्या आवाक्यातली नाही. फियाट मात्र काकांची होती, शेजाऱ्यांची होती, आणि मुंबईत तर टॅक्सी म्हणजेच फियाट. ती टॅक्सीही आता गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे संपली. त्या आठवड्यात पेपरांत, व्हॉट्सअ‍ॅपवर जो गहिवर आला होता, तो आठवत असेल. गहिवर आला की मागणी येते, आणि मागणी आली की रंगाऱ्याचा धंदा जोरात.

आधी शब्दांचं बघू

‘विंटेज’ हा शब्द आपल्याकडे जीन्सपासून कॅफेपर्यंत कशालाही लावतात. गाड्यांच्या दुनियेत त्याला ठरलेला अर्थ आहे. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या विंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या हिशेबाने १९१९ ते १९३० मध्ये बनलेली गाडी ती विंटेज. आपल्या सरकारने २०२१ च्या जुलैत मोटार वाहन नियमांत स्वतःची व्याख्या घातली: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात असलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर मालिका मिळते. नियमात नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये असं ठेवलं. मात्र ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला नेणं, एवढंच. ऑफिसला न्यायची असेल तर साध्याच नोंदणीवर ठेवावी लागते.

या व्याख्येत दोन अटी आहेत, वय आणि मूळ स्वरूप. जाहिरातवाले पहिलीसुद्धा धड पाळत नाहीत. १९८८ ची पद्मिनी विंटेज म्हणून विकतात! पद्मिनी हे नावच मुळात १९७४ पासूनचं, म्हणजे सगळ्यात पहिल्या पद्मिन्या पन्नाशीत आल्या त्या २०२४ मध्ये. त्याआधी कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून जे येत होतं त्याची नावं वेगळी. १९५४ पासूनची गोलमटोल ११००, जिला आपल्याकडे प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत आणि जिची पुढची दारं उलटी उघडत. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट, पुढे प्रेसिडेंट, आणि मग पद्मिनी. नव्वदीच्या दशकात शेवटी शेवटी डिझेल इंजिनाची १३७ डी सुद्धा आली. कोणत्या गाडीवर कोणती जाळी, कोणता डॅशबोर्ड, गिअर स्टिअरिंगजवळ की खाली, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. तेव्हा गाडी बघायला जायच्या आधी एक संध्याकाळ त्या वर्षाच्या गाडीचे जुने फोटो आणि कंपनीचं माहितीपत्रक बघण्यात घालवावी. ‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचं हेच माहीत नसेल तर तपासणार काय?

ओरिजिनल एक, कंडिशन दुसरी

सगळा घोळ इथे आहे. ओरिजिनल असणं आणि चांगल्या कंडिशनमध्ये असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. एखादी गाडी शंभर टक्के ओरिजिनल असून पूर्ण सडलेली असू शकते. दुसरी उत्तम पळते, पण तिच्यातलं अर्धं सामान तीन वेगळ्या गाड्यांतलं असतं.

जुन्या गाड्यांची ‘फिवा’ नावाची जागतिक संघटना आहे, १९६६ पासूनची. ती गाड्यांचे चार गट करते. पहिला ओरिजिनल: कारखान्यातून आली तशी, जवळजवळ न हात लावलेली. दुसरा ऑथेंटिक: वापरून म्हातारी झालेली, झिजेचे काही भाग बदललेले, पण मूळची ओळख शाबूत. तिसरा रिस्टोअर्ड: खोलून पुन्हा मूळच्यासारखी केलेली. आणि चौथा रिबिल्ट: एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडून उभी केलेली. यातला कुठलाही गट वाईट नाही. चौथ्या गटातली गाडीही मजेत चालवता येते. फक्त चौथ्या गटातली गाडी पहिल्या गटातली म्हणून विकू नये, आणि आपण तशी विकत घेऊ नये. बस.

तपासणी: कागदापासून सुरुवात

लोक आधी गाडीभोवती फेरी मारतात. मी म्हणेन, आधी खुर्चीत बसा आणि आरसी बुक मागा. चासी नंबर, इंजिन नंबर, पहिल्या नोंदणीची तारीख, रंग, इंधन, आधीचे मालक, सगळं त्यात असतं. मग बॉनेट उघडून दोन्ही नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि चासी नंबरचा पेन्सिलने प्रिंट काढायचा, आरटीओत काढतात तसा. कागद ठेवून पेन्सिल घासली की ठोकलेल्या अंकांची खोली आणि रांग लगेच कळते. एखादा अंक वेगळ्या उंचीचा आला, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा दिसल्या, किंवा तेवढाच पत्रा नवा वाटला, तर चहा पिऊन निघून यायचं. किंमत कमी करून मागायची ही जागा नव्हे.

इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर तेवढं घाबरायचं कारण नाही. जुन्या काळी इंजिनं बदलली जात. पण तो बदल आरसीवर चढवलाय का, ते विचारा. नसेल तर तो त्रास आता तुमचा. आणि दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवलं असेल तर वर सांगितलेल्या विंटेज नोंदणीत ते अडचणीचं ठरणार हे गृहीत धरा. फियाटचं मूळ पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं.

नंतर परिवहनच्या ऑनलाइन यंत्रणेत नंबर टाकून बघा. तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेतल्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा तिथे सापडत नाही, कारण जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढलेलीच नसतात. त्यासाठी आरटीओत ‘बॅकलॉग’ची नोंद करून घ्यावी लागते. हे काम विक्रेत्याने करून द्यावं, पैसे द्यायच्या आधी. "होऊन जातं हो, एजंट आहे आपला" हे उत्तर मी तरी स्वीकारणार नाही.

मग पत्रा

फियाट ११०० ला वेगळी चासी नसते. जीपसारखी खाली लोखंडी चौकट आणि वर बॉडी, असं तिचं काम नाही. फरशी, दाराखालच्या पट्ट्या, खांब, छप्पर सगळं मिळून एकच सांगाडा. म्हणून इथे गंज हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, तो ताकदीचा प्रश्न होतो. फरशी सडली म्हणजे गाडीचा कणाच सडला. मुंबईच्या खाऱ्या हवेत, चार-चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा गाडी दिवसाउजेडी बघा, आणि कोरडी बघा. नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर कुठलाही रंग सुंदर दिसतो. खिशात एक छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या. चाकांच्या वरची कमान, दाराचा खालचा भाग, हेडलाइटच्या आजूबाजूला फिरवा. चिकटायचं थांबलं की तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. बोटाने ठोकून बघितलं तरी आवाज बदलतो, पत्रा वाजतो आणि पुट्टी नुसती ठप्प करते. आत मॅटिंग उचला, डिकीतलं स्टेपनीखालचं तळ बघा, शक्य असेल तर रॅम्पवर चढवून खालून बघा. खाली नुकतंच काळं अंडरकोटिंग मारलं असेल तर जास्त संशय घ्या. नव्या डांबराखाली काय आहे ते मारणाऱ्यालाच माहीत.

दारं उघडून सोडून द्या. दार खाली झुकलं तर एकतर बिजागरी झिजली किंवा खांब सडला. पहिलं स्वस्त, दुसरं फार महाग. दार-पत्र्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. काचांच्या कोपऱ्यातले छापील मार्क ताडून बघा. एक वेगळी निघाली तर एखादी काच फुटली असेल, एका बाजूच्या सगळ्याच वेगळ्या निघाल्या तर त्या बाजूने काहीतरी मोठं धडकलंय.

आणि हो, रंग! कडेची रबर बीडिंग हळूच उचला, डॅशबोर्डखाली, डिकीच्या झाकणाच्या आत, छताच्या अस्तराच्या कडेला बघा. रंगारी सहसा तिथे पोचत नाही. बाहेर क्रीम कलर, आत काळा, आणि छताच्या कडेला पिवळा दिसला तर तुमची ‘एका डॉक्टरने वापरलेली फॅमिली कार’ टॅक्सी होती. मुंबईच्या टॅक्सीचा जुना मीटर डावीकडे बाहेरच्या अंगाला असायचा, त्या जागी बुजवलेली भोकं सापडतात का तेही बघा. टॅक्सी असण्यात काही कमीपणा नाही. मला तर जुनी टॅक्सी जास्त आवडेल, या शहरात तिच्याइतका इतिहास कोणाकडे आहे? राग येतो तो डॉक्टरच्या गोष्टीचा.

इंजिन आणि आतलं सामान

विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन कसं चालू होतं यातच अर्धं निदान असतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेलेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बहुधा कार्बोरेटरचं काम. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. मेकॅनिकला सोबत नेऊन चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे बघा.

मीटरवर ‘फक्त ४२,००० किलोमीटर’ दिसले तर हसून सोडून द्या. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, आणि मीटरची केबल सोडून ठेवायला दोन मिनिटं लागतात. त्यापेक्षा ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग बघा. तिन्हींनी मीटरशी सहमत असायला हवं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरवर नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुना टायर आतून कडक झालेला असतो, त्याचे पैसे हिशेबात धरा.

आता इथे मी ओरिजिनलवाल्यांच्याही विरोधात बोलणार आहे. काही लोकांना पेट्रोलचा पाइपसुद्धा मूळचा हवा असतो. हा वेडेपणा आहे. टायर, ब्रेकची रबरं, होस पाइप, बॅटरी, वायरिंग या गोष्टी बदलायच्याच असतात. २०२५ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास आलंय, आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, ते नवीन लायनिंग घालून नीट लावून घेतलेले असतील तर विक्रेत्याला शाबासकी द्या. या बदलांनी गाडीची ओळख जात नाही, उलट गाडी जगते.

"आपल्याकडे ओरिजिनल असं काही नसतंच"

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडे गाडी ही चैनीची वस्तू नव्हती. तीस-तीस वर्षं वापरली, पार्ट मिळाला नाही तर दुसऱ्याचा बसवला, तोही नाही तर लेथवर करून घेतला. अशा देशात कारखान्यातून आली तशी गाडी शोधणं म्हणजे स्वप्नरंजन, असं म्हणतात.

याला उत्तर इंग्लंडमधल्या एका खटल्यात आहे. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटलीची प्रसिद्ध स्पीड सिक्स. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे ती शर्यतींत पळत राहिली, बदलत गेली, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला अपघात झाला, पुन्हा उभी केली गेली. १९९० साली तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि खरेदीदार मागे फिरला. म्हणाला, ही ती गाडीच नाही, जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात उरलंय काय? प्रकरण कोर्टात गेलं. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा इतिहास तपासला. १९२९ च्या गाडीतलं तिच्यात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. तरीही निकाल दिला की ही अस्सल ओल्ड नंबर वनच आहे. मूळ अवस्थेतली नाही, पण कोणी नंतर सुटे भाग जमवून केलेली नक्कलही नाही. गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि तिची साखळी कुठेही तुटली नाही.

मला हा निकाल फार पटतो. गाडीतला प्रत्येक बोल्ट मूळचा असायला हवा असं नाही. काय बदललं, कधी बदललं, का बदललं, हे सांगता आलं पाहिजे. आमच्या धंद्यात कोड कोणी कधी बदलला याची नोंद राहते. नोंद पुसून कोणी "एकदम नवीन केलंय, चालतंय ना?" म्हणाला तर आम्ही त्याला दारात उभं करत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तेच वाक्य ऐकून लोक चेक फाडतात. आपल्याकडच्या गाड्या जुगाड करून जगल्या असतील तर जुगाड हाच त्यांचा इतिहास. तो लिहून ठेवा, रंगाखाली गाडू नका.

गेल्या वर्षी मित्रासोबत दोन फियाट बघितल्या, त्यावरून सांगतो. पहिली एका डीलरकडे होती. झगझगीत लाल, पांढऱ्या सीट, क्रोम नवं. रिस्टोरेशनचे फोटो मागितले तर "फोटो कशाला, गाडी बघा ना साहेब." चुंबक दोन्ही मागच्या कमानींवर टिकेना. आरसीवर रंग होता राखाडी. दुसरी एका निवृत्त गृहस्थांची, सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली. मूळचा रंग छतावर उडालेला, एका दारावर ओरखडा, सीटचं रेक्झिन उसवलेलं. पण सोबत प्लास्टिकच्या पिशवीत पहिल्या खरेदीची पावती, टॅक्सची पुस्तिका आणि गॅरेजची बिलं. इंजिनाचं बोअरिंग कधी केलं, क्लच प्लेट कधी टाकली, सगळं तारखेनिशी. फरशी कोरडी, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. लाल गाडीची किंमत हिच्या दुपटीच्या पुढे होती. आणि काकांनी निघताना काय विचारावं? "रंग मारून घेऊ का हो? म्हणजे बरी किंमत येईल." आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "नका!" मित्राने त्यांनी सांगितली ती किंमत घासाघीस न करता दिली.

काकांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. बाजाराने त्यांना हेच शिकवलंय. आपण मध्ये पडलो नसतो तर पन्नासेक हजार खर्चून तो मूळचा रंग त्यांनीच घासून काढला असता, आणि मग ती गाडी इतर शंभर लाल गाड्यांसारखी एक झाली असती.

बाहेर वारं बदलतंय. अमेरिकेत पेबल बीचला जगातलं सगळ्यात मानाचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे वर्षानुवर्षं पहिलं बक्षीस आरशासारख्या रिस्टोअर केलेल्या गाड्यांना मिळायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदाच रिस्टोअर न केलेल्या गटातल्या गाडीला मिळालं: १९३४ ची बुगाटी टाइप ५९, जी एके काळी बेल्जियमच्या राजाकडे होती. रंग जुना, तडकलेला, आणि तसाच राहू दिलेला. आपल्याकडे असले बदल यायला वेळ लागतो. पण बुगाटी आणि कुर्ल्याची फियाट यांना लागू होणारा नियम एकच आहे.

सरसकट रिस्टोरेशनच्या विरोधात मी नाही. फरशी सडली असेल तर कापून नवी टाकायलाच हवी, नाहीतर गाडी भंगारात जाईल. पण करणाऱ्याने आधीचे, मधले, नंतरचे फोटो ठेवावेत, काढलेले जुने भाग पेटीत भरून गाडीसोबत द्यावेत, आणि जाहिरातीत सरळ लिहावं: रिस्टोअर्ड, अमुक साली, अमुक भाग नवीन. असं लिहिणाऱ्याला चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही. आणि घेणाऱ्यांनी पहिल्या फोनवर "मायलेज किती देते" विचारण्याऐवजी "हिच्यात काय काय बदललंय" हे विचारायला सुरुवात करावी. समोरचा तासभर बोलत राहिला तर गाडी बघायला जा. "काहीच नाही साहेब, सगळं ओरिजिनल" म्हणाला, तर पेट्रोल वाचवा.